भिंगाचा माळा

परवा भातात खडा निघाला. कचकन वाजला तो हिच्या दाताखाली, आणि तांदूळ निवडायचं काम आमच्याकडे माझं. "डोळे कुठे होते तुमचे?" डोळे ताटावरच होते. ताट मात्र मी नकळत मांडीवरून पाटावर, पाटावरून जमिनीवर सरकवत नेलं होतं. लांब गेल्यावर तांदूळ रेखीव दिसू लागले खरे, पण इतके बारीक की खडाही त्यांच्यातलाच वाटला.

चष्म्याच्या दुकानदारानं वय विचारलं. 'सेहेचाळीस' म्हटल्याबरोबर, नंबर तपासायच्या आधीच, त्यानं दीडचं भिंग उचललं. तपासल्यावर तेच निघालं! मराठीनं तर या चष्म्याला सरळ 'चाळिशी'च म्हणून टाकलंय. म्हणजे जन्माचा दाखला नाकावर ठेवून हिंडायचं.

दोष माझा नव्हे, भिंगाचा. बाहुलीमागचं हे भिंग जन्मभर वाढतं. वरून नवे थर चढतात, जुना एकही गळत नाही. केस गळतात, नखं कापता येतात. भिंगाला टाकणं ठाऊकच नाही. त्याच्या गाभ्यात आपण पोटात असतानाचा माल अजून पडून आहे. आमच्या आईचा माळा असाच होता. बंब, बिनझाकणाचे डबे, काड्या मोडलेल्या छत्र्या. 'लागेल कधीतरी.' शेवटी वर हात घालायला जागा उरली नाही.

भिंगही असंच दाटून ताठरतं. जवळचं पाहायचं म्हटलं की डोळ्यातला स्नायू आवळतो, भिंगाला ताणून धरणारे धागे सैल होतात आणि भिंगानं फुगायचं असतं. स्नायू अजून आवळतो, धागेही सैल पडतात, भिंग ढिम्म. दहाव्या वर्षी डोळ्यापासून ७ सेंटिमीटरवरचं अक्षर लागतं, साठीला ते जवळपास मीटरभर लांब धरावं लागतं. मुलं पुस्तकात नाक खुपसतात ती उगाच नव्हे.

हे काम भिंगाचंच, हे टॉमस यंग या इंग्रज वैद्यानं स्वतःचा डोळा पाण्याला लावून ताडून पाहिलं. डोळ्याच्या दर्शनी पडद्याची करामत पाण्यात चालत नाही, तरी त्याला जवळ-लांब जमवता येत होतं. त्याचा निबंध १८०१ साली छापला गेला, तेव्हा तो विशीतला होता हे विज्ञानाचं नशीब. साठीत प्रयोग केला असता तर भिंग निर्दोष सुटलं असतं.

आई दुपारी ताट घेऊन ओट्यावर उन्हात बसायची. मला वाटायचं, गप्पांसाठी. पण लख्ख उजेडात बाहुली आकसते, आणि तेवढ्यानंच धूसरपणा पुष्कळ कमी होतो. चाळिशी हटकून ऑफिसात राहते, म्हणून मीही आता ताट घेऊन गॅलरीत बसतो. समोरच्या काकू वाळवण उलथतात, माझ्याकडे बघतात आणि रोज विचारतात, "आज पण भातच का?"