मेंढ्या, बांध आणि 'अहो'

डार्मश्टाट, जर्मनी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

वि. वि. आम्ही सगळे खुशाल. हिवाळा लागला. साडेचारलाच दिवेलागण होते आणि बाहेर जावंसं वाटत नाही. बाबा, व्हिडिओ कॉलवर माझ्यामागची रंगीत खोकी बघून तुम्ही विचारलंत, "मिठाईचं दुकान काढलंयत का?" ते सगळे खेळ आहेत आणि पोरांपेक्षा मोठीच माणसं ते जास्त खेळतात. इथे दर ऑक्टोबरात एसेन शहरात या खेळांची जत्रा भरते. तिला जवळपास दोन लाख माणसं येतात. शिवाय १९७९ पासून दरवर्षी 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातल्या उत्तम खेळाचा किताब दिला जातो. तो मिळालेलं खोकं नाताळात घरोघरी जातं.

आमच्याकडे शनिवारी बैठक असते. भिडू ठरलेले: ठाणेकर नवरा-बायको, कोल्हापूरकर, सांगलीकर, तुमचे जावई, मी आणि खालच्या मजल्यावरचे जर्मन आजोबा. सगळे एकदम खेळत नाहीत. जे उरतात ते पोहे करतात आणि न विचारता सल्ला देतात. आजोबा नियमांचं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खोक्याला हात लावू देत नाहीत. आपली मंडळी खेळता खेळता नियम शिकतात. हरायला लागली की जरा जास्तच बारकाईने शिकतात.

पहिला मान 'कॅटान'चा, कारण तो आमच्या गाववाल्याचा. क्लाउस टॉयबर हे इथेच डार्मश्टाटजवळ कृत्रिम दात बनवण्याचा व्यवसाय करत. रात्री घरी तळघरात बसून खेळ रचत. १९९५ साली कॅटान आला, किताब मिळाला, आणि काही वर्षांनी त्यांनी दातांचं काम सोडलं. खेळात एक बेट असतं, एकोणीस षटकोनी तुकड्यांचं. वीट, लाकूड, लोकर, धान्य आणि खनिज मिळवायचं, रस्ते आणि वस्त्या बांधायच्या. आधी दहा गुण करील तो जिंकला. वाळवंट सोडून प्रत्येक तुकड्यावर एक आकडा. फाशांवर तो पडला की तिथल्या वस्तीवाल्याला माल मिळतो. जावई तुमचे इंजिनियर. त्यांनी सगळ्यांना समजावलं, की दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी सहा आणि आठ पाच-पाच वेळा येतात, बारा एकदाच. म्हणून सहा-आठच्या कडेला बसा. कोल्हापूरकर म्हणाले, "आमच्या थोरल्याचा जन्म बारा तारखेचा." आणि बाराच्या शेजारी वस्ती टाकली. त्या रात्री बारा लागोपाठ पडत राहिला आणि जावयांची शक्यता रात्रभर वाट बघत बसली.

खरी गंमत सौद्यांत. "एक वीट दे, दोन मेंढ्या घे." "मेंढ्या नकोत, मेंढ्या सगळ्यांकडे आहेत." मग ठाणेकर वहिनी भाजीवालीशी बोलतात त्या सुरात विटेचा भाव पाडतात आणि वर कोथिंबिरीसारखं एक लाकूड फुकट मागतात. फाशांवर सात पडले की दरोडेखोर हलवायचा. तो ज्या तुकड्यावर बसेल तिथलं उत्पन्न बंद. आजोबांवर ही वेळ आली की ते त्याला वाळवंटात नेऊन ठेवतात, कोणाचं नुकसान नको म्हणून. आपली मंडळी तो थेट पुढे असलेल्याच्या शेतात बसवतात. त्याआधी दहा मिनिटं 'मी कुठे पुढे आहे, पुढे तर तो आहे' यावर चर्चा होते.

हे सगळं बघून माझ्या एक लक्षात आलं. आपल्या 'व्यापार'मध्ये एकाचं दिवाळं निघालं की तो भिडू उठून स्वयंपाकघरात जातो, आणि बाकीचे दोन तास हॉटेलं बांधत बसतात. सारीपाटात सोंगटी मारल्याशिवाय मजा नाही. इथल्या खेळकर्त्यांनी ठरवून हे काढून टाकलं. शेवटपर्यंत कोणी बाद होत नाही, कोणाचं फारसं मोडत नाही, तासा-दीड तासात गुण मोजून सगळे एकदम उठतात. म्हणजे भांडणाला जागाच ठेवलेली नाही. ती जागा आपली मंडळी स्वतःच्या हिमतीवर तयार करतात.

'कारकासोन'चंच घ्या. २००१ चा किताबवाला. बहात्तर चौकोनी तुकडे एकमेकांना जोडत नकाशा वाढवायचा, त्यावर आपली लाकडी माणसं ठेवायची. शहरात उभा केला तर सरदार, रस्त्यावर वाटमाऱ्या, आणि शेतात आडवा निजवला तर शेतकरी. शेतकऱ्याचे गुण अगदी शेवटी मिळतात, आणि शेतात ज्याचे शेतकरी जास्त त्याला सगळे. दोन शेतं मधल्या तुकड्याने जोडली गेली की प्रश्न येतो, की शेत एक की दोन? सांगलीकरांच्या घरात जमिनीचा दावा चुलत्यांच्या काळापासून चालू आहे. त्यांनी चष्मा चढवला, रस्त्याची कड बोटाने तपासली आणि म्हणाले, "हा बांध इथून जातो. सातबारा दाखवा." आजोबांनी पुस्तकातलं पान काढून दिलं. सांगलीकरांनी ते तलाठ्याच्या कागदाइतकंच मानलं, म्हणजे अजिबात नाही.

'टिकट टू राईड' हा २००४ चा. प्रत्येकाला पंचेचाळीस डबे आणि गुपचूप तिकिटं मिळतात. तिकिटावरची गावं रुळांनी जोडायची. जोडली नाहीत तर तेवढे गुण वजा. याच्या भारताच्या नकाशात १९११ सालची रेल्वे आहे. तो आम्ही खास मागवला. आजोबा शांतपणे आपला मार्ग बांधतात. ठाणेकरांना मात्र स्वतःच्या मार्गापेक्षा दुसऱ्याच्या मार्गात जास्त रस. "तुम्हाला इकडून जायचंय वाटतं?" असं प्रेमाने विचारतात आणि नेमके तिथेच डबे टाकतात.

शेवटी शांततेसाठी 'हानाबी' काढला, २०१३ चा किताबवाला. यात सगळे एकाच बाजूला. आपले पत्ते उलटे धरायचे: ते बाकीच्यांना दिसतात, आपल्याला नाहीत. दुसऱ्याला सूचना द्यायची ती फक्त रंगाची किंवा आकड्याची, आणि तीही मोजून. पाच रंगांचे एक ते पाच क्रमाने लावले की पंचवीस गुण. आमच्यात ठाणेकर दांपत्याने पहिल्याच दिवशी विक्रमी गुण केले. आजोबा थक्क झाले. मग माझ्या ध्यानात आलं, की वहिनी दर खेपेला "अहो" म्हणतात. लांबवलेलं "अहोऽऽ" म्हणजे हा पत्ता लावा, तुटक "अहो!" म्हणजे खबरदार, टाकू नका. वीस वर्षांच्या संसारापुढे जर्मन नियमांचं काही चालत नाही.

आता सगळे खेळून झाल्यावर माझा निकाल सांगते. पाहुणे नवीन असतील तर टिकट टू राईड. ओळख जुनी असेल तर कॅटान. नवरा-बायकोचं पटत नसेल तर हानाबी काढू नये. आणि भाऊबंदांत कारकासोन कधीही खेळू नये.

चि. बंड्याला आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुमची,
चिंगी

ता. क. बाबा, येताना पत्त्यांचे दोन कॅट आणा. आजोबांना झब्बू शिकायचा आहे. त्यांनी नियमांचं पुस्तक मागितलंय. तेही तुम्हीच लिहून आणा, फक्त तुमच्या सोयीचे नियम त्यात घालू नका.