हापूसचे जंगल

जंगल ठरवायला वाघ लागत नाही. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेला पुरते एक हेक्टर जमीन आणि उपग्रहातून दिसणारी किमान 10 टक्के झाडांची सावली. जमीन कोणाची, झाड कुठले, हे विचारायचे नाही. त्यामुळे रत्नागिरीची हापूसची बाग, नारळीची वाडी, केरळातले रबराचे मळे, सगळेच वनाच्छादन. बागाईतदार आपला फवारणी करत असतो. आपण वनवासात आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

बरे, शेतीच्या नऊकलमी भू-वापर वर्गीकरणात हीच बाग निव्वळ पेरणी क्षेत्रात मोडते. म्हणजे एका खात्यात शेत, दुसऱ्यात जंगल, आणि उरलेल्या वेळात ती आंबेही देते. उलट सरकारदरबारी 'नोंदलेले वनक्षेत्र' असले की तिथे झाड असण्याची सक्ती नाही. उघडा डोंगरही कागदावर हिरवागार.

2023 चा वन अहवाल डिसेंबर 2024 मध्ये आला (आकड्यांनाही रुजायला वेळ लागतो). त्यानुसार देशाची 25.17 टक्के जमीन वन आणि वृक्ष आच्छादनाखाली आहे. वनधोरणाला 1952 पासून एक तृतीयांश हवी आहे. उरलेल्या आठ टक्क्यांसाठी खड्डे कशाला खणायचे? 10 टक्क्यांच्या खालची खुरटी झुडपे वेटिंग लिस्टवर आहेतच. सावलीची अट निम्मी करणारे एक परिपत्रक काढले की बरीचशी कन्फर्म होतील, आणि टँकरचे बिलही वाचेल.