आखाजीला उतरवू

नानांच्या फाटकातून आत शिरलं की आधी नाळ लागते, मग तुळस, मग नाना. नाळ म्हणजे नावेचं पुढचं टोक. हा शब्द मला दोन वर्षांपूर्वी ठाऊक नव्हता. जळगावात राहणाऱ्या माणसाला तो ठाऊक असायचं कारणही नाही. इथे लोक केळी, कापूस, सोनं आणि डाळ यांवर तासन् तास बोलतील. नावेवर बोलणारा आमच्या कॉलनीत एकच, आणि दुर्दैवानं तो माझा शेजारी.

नाना गणिताचे मास्तर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. या नऊ वर्षांत त्यांनी मधमाश्या, पेटी, मोडी लिपी, आकाशदर्शन आणि गच्चीवरची द्राक्षं एवढे विषय हाताळले. प्रत्येक विषयाची वेगळी दोनशे पानी वही. पहिल्या पानावर कुंकवाचं बोट आणि ‘श्री’, मग सुबक अक्षरात पहिली आठ पानं, आणि पुढे कोरा करकरीत कागद. काकू त्या वह्यांमधून किराण्याच्या याद्यांना पानं फाडतात, पण मागून. पुढची आठ त्या कधी फाडत नाहीत.

“सुरुवात झाली म्हणजे अर्धं काम झालं,” हे नानांचं आवडतं वाक्य. मधमाश्यांच्या रिकाम्या पेट्या आणल्या तेव्हा ते हेच म्हणाले होते. माझ्या हिशेबानं त्यांचं अर्धं काम आजवर अकरा वेळा झालंय. उरलेल्या अर्ध्याचं काय, असं विचारलं की म्हणतात, “त्याचंही अर्धं होईल की.” गणिताच्या मास्तरांशी यापुढे वाद घालता येत नाही.

नावेचं खूळ मेहरूण तलावावर लागलं. आम्ही सकाळी तिथे फिरायला जातो. एके दिवशी नाना पाण्याकडे बघत थांबले आणि म्हणाले, “भाऊ, तापी केवढी लांब आहे, माहितीये? सातशे चोवीस किलोमीटर. मुलताईला निघते, सुरतेला समुद्राला मिळते. आणि आपण तिच्यावरून जातो ते एस. टी.त बसून, पुलावरून, खिडकी लावून!” त्यांच्या आवाजातला तो कंप मी ओळखायला हवा होता. मोडी लिपीच्या आधीही तो ऐकला होता.

पंधरा दिवसांत दिवाळी झाली आणि भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नाव आली. यावल तालुक्यातल्या तापीकाठच्या एका गावाची. पूल नव्हता तेव्हा ती माणसं, सायकली, बकऱ्या आणि एकदा म्हणे अख्खं वऱ्हाड पलीकडे नेत असे. पूल झाला आणि तिला कुणी विचारेना. कित्येक वर्षं ती निंबाखाली पालथी पडली होती आणि खाली कोंबड्या अंडी घालत होत्या. मालकानं ती जळाऊ लाकडाच्या भावानं, वजनावर दिली. चौदा फूट लांब, सपाट बुडाची, सागाच्या फळ्यांची. एका बाजूनं आत अजून पिसं चिकटलेली.

काकू धुळ्याकडच्या. इतरांशी शुद्ध मराठी बोलतात, पण रागावल्या की थेट अहिराणीत उतरतात. दारातून त्यांनी एकदा ट्रॉलीकडे आणि एकदा नानांकडे पाहिलं. “हाई काय लई उनात तुम्ही?”

“नाव आहे. आखाजीला उतरवू.”

“आखाजीले नदीमा पानी कोठे ऱ्हास?”

प्रश्न बिनतोड होता. अक्षय्य तृतीया येते ती ऐन वैशाखात. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि नद्यांमध्ये गोटे तापत असतात. पण नानांना मुहूर्त बदलणं मान्य नव्हतं. तेव्हापासून कुणीही काहीही विचारलं तरी उत्तर एकच: आखाजीला उतरवू. कोणत्या आखाजीला, हे ते कधी सांगत नसत.

जुनी नाव हाती आली की नवशिक्या आधी काय करतो? रंग आणतो. नानांनीही निळा ऑइलपेंट आणला आणि कुजकं लाकूड, गंजके खिळे, कोंबड्यांची घाण, सगळं तसंच ठेवून नाळेवर पांढऱ्या अक्षरांत नाव घातलं: ‘मुक्ताई’. मग ‘ता’चा काना तिरपा वाटला म्हणून खरवडून पुन्हा घातलं. मग तिसऱ्यांदा. नाव म्हणजे बोट आणि नाव म्हणजे नाव, यावर त्यांनी सात-आठ विनोद केले. ते इथे देत नाही.

पुढे कुणीतरी सांगितलं की आधी लाकूड तपासायचं असतं. दाभण घ्यायची आणि जागोजागी टोचायची. चांगल्या सागात ती अडते, कुजक्यात लोण्यात जावी तशी जाते. नानांना ही रीत इतकी आवडली की पूर्ण एक रविवार ते टोचत होते. जिथे दाभण गेली तिथे खडूनं फुली, नाही गेली तिथे खात्रीसाठी पुन्हा एकदा. संध्याकाळी काकू चहा घेऊन आल्या आणि वाकून बघत म्हणाल्या, “तुम्ही नाव दुरुस्त करी ऱ्हायनात का चायनी?” चायनी म्हणजे चाळणी. खान्देशात ‘ळ’चा ‘य’ होतो, आणि काकूंच्या तोंडी तो फारच धारदार होतो.

मग सुतार बोलावला. दारं-खिडक्या आणि दिवाण करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्यानं पिशवीतून गुण्या काढला, नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या, गुण्या लावायला जागा शोधली, आणि परत पिशवीत घातला. “सर, हिच्यात एक बी काटकोन नाही,” तो म्हणाला. कुणीतरी फसवल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. वाकडी फळी वाकडीच बसवायची, हे त्याच्या गळी उतरायला दोन महिने लागले. त्यानंतर मात्र तो रोज कामावरून घरी जाताना सायकल थांबवून फुकट सल्ले देऊ लागला.

याच सुमारास नानांना वंशावळ सापडली. मुंबईच्या गोदीत मोठमोठी लढाऊ जहाजं बांधणारं वाडिया घराणं मूळ सुरतेचं. लवजी वाडिया 1736 साली तिथून मुंबईत आला. त्याच्या घराण्यानं बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ जहाज 1817 साली पाण्यात उतरलं आणि आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. “आता बघ,” नाना बोटं मोडत म्हणाले, “लवजी सुरतेचा. सुरत तापीवर. मी तापीवर. म्हणजे?” म्हणजे काय ते मला कळलं नाही, पण त्या संध्याकाळी कांद्याच्या पातीबरोबर भरीत आणि कळण्याची भाकरी होती, म्हणून मी मान हलवली. इंग्रजांनी सागाचं जहाज दोनशे वर्षं टिकवलं तर आपल्याला सागाची नाव टिकवायला काय हरकत, असं नानांचं म्हणणं. इंग्रजांकडे पैसा होता, असं काकू आतून म्हणाल्या. तेही खरं.

वंशावळीनंतर अजिंठा. जळगावाहून साठेक किलोमीटर. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. लोक तिथे बोधिसत्त्व बघायला जातात. नाना मला मोटारसायकलवर मागे बसवून जहाजाचे खिळे बघायला घेऊन गेले. पाऊण तास ते त्या भिंतीसमोर मान वाकडी करून उभे होते. मागे सहलीची पोरं खोळंबली, रखवालदार खाकरला. “खिळे दिसत नाहीत,” नाना शेवटी म्हणाले. खिळे दिसले नाहीत याचा त्यांना एवढा आनंद झाला की परतताना फर्दापूरला त्यांनी स्वतःहून भजी खाऊ घातली.

कारण घरी आल्यावर कळलं. अजिंठ्याच्या त्याच चित्रावरून आपल्या नौदलानं ‘कौंडिण्य’ नावाचं शिडाचं जहाज बांधून घेतलं होतं, गोव्यात, फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवून, खिळ्यांशिवाय. मे 2025 मध्ये ते कारवारला नौदलात दाखलही झालं. झालं! आपल्याही नावेचे सगळे खिळे उपटायचे आणि ती शिवायची, असं ठरलं. पाच किलो काथ्या आला. चार दिवस नाना अंगणात बसून एकाच फळीच्या कडेला भोकं पाडत होते. पाचव्या दिवशी फळी उभी चिरली. काथ्या अजून शिल्लक आहे. त्यानं कढया फार छान निघतात, असं काकूंचं मत आहे.

इथे नववं पान यायला हवं होतं, म्हणजे न यायला हवं होतं. मधमाश्या, पेटी, मोडी, सगळं याच ठिकाणी थांबलं होतं. आखाजी आली आणि गेली. ऊन पंचेचाळीसला टेकलं. एका दुपारी अंगणातून ‘टक्’ असा आवाज आला. फळी वाळून सुटली होती. मग आणखी एक. दोन फळ्यांमधली फट इतकी वाढली की आरपार तुळस दिसू लागली. नाना काही बोलले नाहीत. गोणपाटं भिजवून त्यांनी नावेवर पसरली, दर तासाला पाणी शिंपडलं, आणि तेवढ्यानं भागेना तेव्हा पुढच्या खोलीतला कूलर उचलून अंगणात आणला आणि नावेकडे तोंड करून लावला.

खान्देशात मे महिन्यात घरातला कूलर दुसऱ्याला देणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता अहिराणी. पण त्या आत गेल्या, हातपंखा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “यास्नं डोकं फिरी गयं.” स्वरात राग नव्हता. वैद्यानं निदान सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर काम काकूंच्या हातात कसं गेलं, ते आम्हाला कळलंच नाही. फळ्यांच्या फटींत कापसाची वात ठोकायची असते, वरून राळ आणि जवसाचं तेल कढवून भरायचं. नानांनी जिनिंगमधून कापूस आणला आणि मांडीवर वात वळायला घेतली. ती कुठे बोटाएवढी जाड, कुठे दोऱ्याएवढी, मध्येच तुटलेली. काकू भाजी निवडता निवडता बघत होत्या. भाजीचं ताट त्यांनी बाजूला सारलं. चाळीस वर्षं रोज देवाच्या वाती वळलेला हात तो. पदरावर कापूस ठेवला, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं, बोटांना चिमूटभर राख लावली आणि ओढत गेल्या. वारभर लांब, शेवटापर्यंत एकसारखी वात. ती नानांच्या मांडीवर ठेवून पुन्हा भाजीकडे वळल्या. पुढचे दोन महिने रोज दुपारी टीव्हीसमोर बसून त्यांनी त्या नावेच्या सगळ्या वाती वळल्या. नाना बोथट पटाशीनं त्या ठोकत राहिले. राळेच्या वासानं गल्लीतली मांजरं पळाली. लोक म्हणू लागले, नानांच्या घरी यज्ञ चाललाय.

दुसरी आखाजी आली. पाण्याचा प्रश्न मी सोडवला, एवढंच माझं श्रेय. हतनूर धरणाच्या फुगवट्याचं पाणी चांगदेवजवळ, तापी-पूर्णेच्या संगमाकडे असतं. केळी भरायला निघालेली एक रिकामी आयशर गाडी ओळखीची निघाली. खाली केळीची वाळकी पानं अंथरून ‘मुक्ताई’ तिच्यात निजली, शेजारी नाना बसले, वही मांडीवर. काकू आल्या नाहीत. माहेरवाशिणी यायच्या होत्या, पुरणाचे मांडे करायचे होते.

काठावर एक म्हातारा भोई जाळं सांधत बसला होता. त्यानं नावेवरून हात फिरवला, फटीतली वात नखानं दाबून पाहिली. “वात कोणी वळली?” त्यानं विचारलं. नाना गप्प. मी सांगितलं. त्यानं मान डोलावली. मग पुढे एका जागी बोट ठेवून म्हणाला, “इथं मात्र लई ठोकलं. लाकूड फुगलं का फळी भायेर येईन.” ते कुणी ठोकलं, हे त्यानं विचारलं नाही.

नारळ फुटला. आम्ही पाच जणांनी ढकललं. ‘मुक्ताई’ पाण्यावर गेली, डौलात वळली, आणि नाना दोन्ही हात जोडून उभे असताना सगळ्या फटींतून एकदम पाणी आत येऊ लागलं. घाईगर्दी काही नव्हती. चहा मुरावा तसं ते आलं. पाच मिनिटांत फक्त नाळ वर राहिली, तीवर तीनदा रंगवलेलं नाव.

मी नानांकडे बघायचं टाळलं. भोईबाबा मात्र जाळ्यातून मान वर न करता म्हणाला, “पिऊ द्या तिले पाणी. किती वर्साची तहान हाये. दोर बांधा आन् तीन दिस बुडीतच ऱ्हाऊ द्या. लाकूड फुगन, फटी मिटतीन, मंग उपसा.” नानांनी वही उघडली. पान उलटायचा आवाज झाला. मी डोकावून पाहिलं: पान सव्विसावं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मागे मुलींचा गलका, झोक्याच्या दोराची करकर.

“उतरनी का?” काकूंनी विचारलं.

“उतरली,” नाना म्हणाले. “पार तळापर्यंत.”

पलीकडे क्षणभर काही नाही.

“मंग आते?”

“आता तीन दिवस पाणी पिणार. मी इथेच थांबतो. एका देवळात पथारी टाकतो.”

“ती पानी पी ऱ्हायनी,” काकू म्हणाल्या, “तुम्ही काही खादं का?”