अटकेची बातमी पहिल्या पानावर, सुटकेची कुठे?

बन्नीमंटप, म्हैसूर

गुन्हेवार्ता लिहिणारे वार्ताहर आणि ती छापणारे संपादक महाशय,



तुमचं नाव मी लिहीत नाही. आरोप सिद्ध होण्याआधीच माणसाचं नाव, गाव, गल्ली आणि फोटो चौकात टांगायचं काम तुम्ही करता. ते मला करायचं नाही.

आमच्या म्हैसूर शहरातल्या सत्र न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये एका नवऱ्याची खुनाच्या आरोपातून सुटका केली. त्या माणसाबद्दल मला तुम्हाला जाब विचारायचा आहे.

तो कोडगू जिल्ह्यातल्या कुशालनगर भागातला एक आदिवासी. २०२० मध्ये त्याची बायको घरातून गेली ती परत आली नाही. ती हरवल्याची तक्रार त्याने स्वतः पोलिसांत दिली. पुढे म्हैसूर जिल्ह्यात बेट्टदपुराच्या हद्दीत एक सांगाडा सापडला. पोलिसांनी तो तिचाच ठरवला, नवऱ्याला उचललं आणि खुनाचं आरोपपत्र दाखल केलं. डीएनए जुळला नाही, तरी खटला चालूच राहिला. दीड-दोन वर्षं तो तुरुंगात होता. मग १ एप्रिल २०२५ रोजी ती बाई मडिकेरीच्या एका हॉटेलात दिसली. ती जिवंत होती. तिला कोर्टापुढे हजर केल्यावर न्यायाधीशांनी नवऱ्याला निर्दोष सोडलं, एक लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं आणि तपास करणाऱ्यांवर कारवाई करायलाही बजावलं.

‘मेलेली’ बायको परत आली, म्हणून तेव्हा तुम्ही कॅमेरे घेऊन धावलात. त्याआधीच्या वर्षांत तुमच्यापैकी किती जणांनी त्या तुरुंगाचं दार पाहिलं होतं? बायको हरवल्याची तक्रार ज्याने दिली त्यालाच खुनी का ठरवलं, हा प्रश्न किती जणांनी विचारला? डीएनएचा अहवाल हा बातमीचा विषय होता की नव्हता? पोलिसांची चूक पोलिसांच्या माथी, हे कबूल. पण ठाण्यातून मिळालेलं टिपण जसंच्या तसं छापण्याला पत्रकारिता म्हणत असाल, तर ठाण्यातला हवालदारही ते काम करू शकेल.

माझी खरी तक्रार तुमच्या सवयीबद्दल आहे. आपल्या मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर ती रोज दिसते. बायकोच्या मृत्यूप्रकरणी नवऱ्याला अटक झाली की पहिल्याच ओळीत तो ‘नराधम’ किंवा ‘क्रूरकर्मा’ होतो. कारण तर ठरलेलंच, ‘चारित्र्याच्या संशयावरून’. ‘कथित’, ‘आरोप आहे’ असे शब्द आलेच तर पाचव्या परिच्छेदात येतात, आणि मथळा वाचणारा तिथवर पोहोचत नाही. आता मार खाल्लेल्या नवऱ्याची बातमी पाहा. तो ‘नवरोबा’ होतो, ‘पतीराज’ होतो. ‘बायकोने धू धू धुतले’ असा मथळा, सोबत हसणारं चित्र. डोकं फुटलेलं असतं, अंगावर उकळतं पाणी पडलेलं असतं आणि तुम्ही वाचकांना हसवत असता. अशा माणसाने तक्रार द्यायला ठाण्याची पायरी चढावी कशी? तिथेही लोक हसणार हे त्याला तुमच्याच पानांनी शिकवलं आहे.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात दाद मागण्याचा हक्क स्त्रीला आहे. नवऱ्याला मारहाणीची सर्वसाधारण कलमं आहेत, नाहीतर क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या हिंसेचे प्रश्न बायकांना विचारले जातात. नवऱ्यांना ‘तुम्हाला घरी मार बसतो का’ असं विचारलं जात नाही. त्यामुळे नवऱ्यांनी स्वतः सांगितलेला आकडा नाही, आणि तो नाही म्हणून तुमच्या लेखी हा प्रश्नही नाही.

याच सर्वेक्षणातला बायकांचा आकडाही इथे लिहितो, कारण तो दडवला तर मीही तुमच्याच पंगतीत बसेन. २०१९-२१ च्या फेरीत कर्नाटकातल्या ४४.४ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. देशाचं प्रमाण २९.३ टक्के होतं. माझ्या भोवतालच्या घरांतलं हे वास्तव आहे आणि ते झाकावं असं मी कधीही म्हणणार नाही. या बायकांचं दुःख खरं आहे, म्हणून तर त्यांच्या नावाने खोटी बातमी छापू नका.

पुणेकरांना मंजुश्री सारडा आठवत असेल. १९८२ मध्ये तिचा मृत्यू झाला. पुण्याच्या सत्र न्यायालयाने नवऱ्याला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला सोडलं. त्या निकालाने स्त्री संघटना संतापल्या आणि त्यांचा संताप मला समजतो. पण परिस्थितीजन्य पुराव्याची साखळी कुठेही तुटलेली चालणार नाही, संशय कितीही दाट असला तरी तो पुरावा नव्हे, हे देशातली न्यायालयं आजही त्याच निकालावरून सांगतात. चार दशकं झाली, गुन्हेवार्ता लिहिणाऱ्यांपर्यंत ते पोहोचलेलं नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूत एका तरुण अभियंत्याने बायको आणि तिच्या माहेरच्यांवर आरोप करत जीव दिला, तेव्हा तर तुम्ही एका रात्रीत बाजू बदललीत. कालपर्यंत प्रत्येक नवरा राक्षस होता, आता प्रत्येक बायको खोटी केस करणारी ठरली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालातला आकडा तुम्हाला तेव्हा सापडला: विवाहितेच्या छळाच्या कलम ४९८-अ च्या खटल्यांत दोषसिद्धी १५ टक्के. पण ज्या खटल्यात गुन्हा शाबित झाला नाही तो खोटाच होता, असं त्या आकड्यावरून ठरत नाही. साक्षीदार फिरतात, तडजोडी होतात, बाई थकते. मार खाल्लेल्या पुरुषाची बाजू घ्यायला तक्रारदार बाईला खोटं ठरवावं लागत नाही. तुम्हाला ते करावं लागतं, कारण दोन्ही घरांत जाऊन चौकशी करायला वेळ लागतो आणि बुलेटिन संध्याकाळी सातला असतं.

मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांबद्दल तुम्हाला खडसावलं होतं. तो निकाल निदान एकदा मुळातून वाचा. मग एवढंच करा: गेल्या दहा वर्षांत ज्या नवऱ्यांना तुम्ही मथळ्यात खुनी म्हटलंत, त्यांची यादी काढा. त्यांतले किती सुटले ते कोर्टात जाऊन पाहा. जे सुटले, त्यांच्या सुटकेची बातमी त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरात छापा आणि संकेतस्थळावरच्या जुन्या बातमीच्या माथ्यावर निकाल लिहा. सुरुवात कुशालनगरच्या त्या माणसापासून करा.

एक मराठी वाचक