आज उधार, उद्याही उधार

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या मिडवेस्टमध्ये, म्हणजे आयोवा, इलिनॉय, मिनेसोटाकडच्या खेड्यात गावची खबरबात कोणाकडे मिळेल, असं विचारायची गरज पडत नसे. डॉक्टर असलाच तर पलीकडच्या गावात. पाद्री महिन्यातून एकदा घोड्यावरून येणार, प्रवचन झोडणार, कोणाकडे तरी कोंबडी खाणार आणि पुढच्या गावाला लागणार. शाळामास्तर दर हिवाळ्याला नवा. बाराही महिने एका जागी सापडणारा इसम एकच : जनरल स्टोअरचा मालक. पुढे ॲप्रन, कानामागे पेन्सिल, आणि तुम्ही जे काही बोलताहात ते शंभर टक्के बरोबर आहे, असा चेहऱ्यावर कायमचा भाव.

दुकान म्हणजे एक लांबोडकी लाकडी खोली. एका भिंतीला कापडचोपड, बटणं, रिबिनी. समोरच्या भिंतीला चहा, कॉफी, मसाले. मागे खिळ्यांची पिंपं, काकवीचं पिंप, खारवलेलं डुकराचं मांस. छताला बादल्या, कंदील आणि घोड्याचा साज. काही दुकानांत माळ्यावर शवपेटीही तयार असे. म्हणजे पाळण्यातल्या पोराच्या दुपट्यापासून सगळा आयुष्यक्रम एकाच काउंटरवर उरकत होता. रॉकेल न्यायला आलेल्याच्या डब्याच्या तोटीला बूच नसलं, तर मालक पोत्यातला एक छोटासा बटाटा घेऊन तोटीवर घट्ट खुपसून देई. बटाट्याचे पैसे लावत नसे. कॉफी, चामडं, चीज, तंबाखू आणि रॉकेल यांचा मिळून एक वास दुकानात कोंडलेला असे आणि तो साखरेबरोबर फुकट घरी येई. तक्रार कोणी करत नसे. करून जाणार कुठे? दुसरं दुकान आठ-दहा मैलांवर, आणि तिथली साखरही याच वासाची.

एवढं सगळं विकत असला, तरी या माणसाचा खरा धंदा निराळाच होता. कोणालाही न दुखावणं, हा त्याचा धंदा. बाकीचा माल निमित्ताला.

दुकानाच्या मधोमध ढेरपोटी लोखंडी शेगडी. तिच्याभोवती चारदोन खोकी, एक मोडकी खुर्ची, आणि तंबाखूच्या पिचकाऱ्यांसाठी लाकडाच्या भुशानं भरलेला डबा. गावात नेमबाज पुष्कळ. डब्याभोवतीची जमीन मात्र वेगळीच साक्ष देई. पीक निघालं की पुढच्या नांगरटीपर्यंत ही जागा म्हणजे गावची चावडी. जवळच क्रॅकरचं, म्हणजे खाऱ्या बिस्किटांचं, उघडं पिंप. देशाचा कारभार कसा सुधारावा याची चर्चा रंगली की वक्त्याचा हात आपोआप पिंपात जाई आणि मुद्दा पटवायला दुसरा हात चीजकडे. मालकाला सगळं दिसे. पण बोलणार काय? आज पिंपात असलेला हात वसंतात बियाणं न्यायला याच दुकानात येणार होता. दुकानाची मांजर रात्री त्याच पिंपात झोपते, अशी वदंता गावात मधूनमधून पसरे. ती कोण पसरवतं, याचा शोध कोणी घेतला नाही.

लोण्याचं प्रकरण तर फार नाजूक. शेतकऱ्यांच्या बायका लोणी आणि अंडी आणून द्यायच्या आणि बदल्यात कापड, साखर, कॉफी न्यायच्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेला गोळा काउंटरवर आला की मालक तो नाकाजवळ नेई, डोळे मिटून घेई. डोळ्यांत पाणी कशानं आलं हे बाईला कळू नये म्हणून.

“काय, कसं आहे?”

“तुमच्या लोण्याचं काय विचारता, बाई!”

हे वाक्य तो प्रत्येकीला ऐकवी आणि ते प्रत्येक वेळी खरं असे. भावही सगळ्यांना एकच. एकीला पौंडामागे एक सेंट कमी दिला, तर रविवारी चर्च सुटायच्या आत तिच्या गोठ्याची अब्रू गेलेली असायची आणि सोमवारी गिऱ्हाईक. म्हणून बाई दाराबाहेर पडली की चांगलं लोणी तळघरात जाई आणि उरलेलं मागच्या पिंपात. तिथून ते शहरात साबण व्हायला रवाना होई.

त्या मुलखात एक गोष्ट चघळली जायची. एक बाई लोणी घेऊन आली आणि मालकाच्या कानाशी लागली : सायीत उंदीर पडला होता, पण लोणी अगदी स्वच्छ आहे हो, आमच्या घरात ते आता कोणाच्या घशाखाली उतरायचं नाही, तेव्हा दुसऱ्या कोणाचं बदलून द्या, ज्याला ठाऊक नाही त्याला काय फरक पडतो? मालक गोळा घेऊन तळघरात गेला, साच्यात दाबून त्यावर नवं नक्षीचं फूल उठवलं आणि तोच गोळा वर आणून दिला. बाई खूश, उंदराची वाच्यता नाही, दुसऱ्या कोणाचं लोणी खर्ची पडलं नाही. या धंद्यात याहून मोठी पदवी नाही.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकाच्या बाजूची. एकानं एक अंडं देऊन एक सुई घेतली. सौद्यावर एक पेला पाजायची रीत जुन्या काळी होती, तो मागितला. मालकानं दिला. ‘यात कच्चं अंडं घालून घ्यायची सवय आहे मला.’ मालकानं नुकतंच आलेलं तेच अंडं फोडलं. निघाले दोन बलक. गिऱ्हाईक म्हणालं, “मग आणखी एक सुई द्या!”

आता असंही नाही की मालक अगदीच भोळा सांब. मालावरच्या चिठ्ठीवर तो आकडे लिहीत नसे, अक्षरं लिही. एकही अक्षर पुन्हा न येणारा दहा अक्षरी शब्द धरायचा. इंग्रजीतल्या ‘ब्लॅकस्मिथ’ची अक्षरं बरोबर दहा भरतात. पहिलं म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, शेवटचं शून्य. गिऱ्हाईक चिठ्ठीकडे बघून घासाघीस करी आणि मालक त्याच चिठ्ठीत आपली खरेदी किंमत वाचून चेहरा पाडत म्हणे, “मला घरात पडलं त्या भावात देतोय!” चेहरा पाडणं हा भांडवली खर्च होता.

पण ही सगळी हुशारी उधारीच्या वहीपाशी संपे. शेतकऱ्याच्या हातात रोकड खेळणार ती वर्षातून एकदा, गहू किंवा डुकरं विकल्यावर. तोवर सगळं वहीत. गारपीट झाली, टोळ आले, गव्हाचा भाव कोसळला, की बाकी पुढच्या पानावर. मालकाला तगादा लावता येत नसे. तगादा लावला की माणूस दुखावतो, आणि दुखावलेला माणूस जुनी बाकी बुडवून पलीकडच्या दुकानात रोखीनं घ्यायला लागतो. म्हणजे सावकारानं देणेकऱ्याला बघून आधी टोपी काढायची. स्वतः मालक मात्र शिकागो किंवा सेंट लुईसच्या घाऊक व्यापाऱ्यांचा देणेकरी. त्या व्यापाऱ्यांना दूरच्या दुकानदारांची पत कळावी, म्हणून लुईस टॅपननं १८४१ साली न्यूयॉर्कात एक एजन्सीच काढली होती. गावोगावची माणसं, बहुतेक वकील, तिला गुपचूप कळवत : अमुक मालक पितो का, बायको उधळी आहे का, घर कोणाच्या नावावर आहे. गावाची वही लिहिणाऱ्या माणसाची वही असा तिसराच कोणी लिहीत होता, आणि तोही शेगडीजवळ बसून याचीच बिस्किटं खाऊन.

न दुखावण्याची कला पुरेशी नाही, मापही हातात लागतं, हे समजून घ्यायला अब्राहम लिंकनचं दुकान बघावं. इलिनॉयमधल्या न्यू सेलममध्ये त्यानं १८३२ साली विल्यम बेरीच्या भागीदारीत दुकान घातलं, तेही कर्जरोख्यांवर. एक भागीदार पिंपातल्या दारूत रमलेला, दुसरा पुस्तकात आणि गप्पांत. दुकान बसलं, १८३५ साली बेरी वारला आणि सुमारे १,१०० डॉलरचं देणं लिंकनच्या गळ्यात पडलं. तो त्याला गमतीनं ‘राष्ट्रीय कर्ज’ म्हणे आणि पुढची कित्येक वर्षं फेडत होता. चांगला राष्ट्राध्यक्ष मिळावा म्हणून एका वाईट दुकानदाराचा बळी गेला, असं म्हणून अमेरिकेनं समाधान मानायला हरकत नाही.

याच लिंकनला १८३३ साली गावचं पोस्टमास्तरपद मिळालं. सरकार विरुद्ध पक्षाचं. पण जागाच इतकी क्षुल्लक की पक्ष आड आला नाही, असं त्यानं पुढे लिहून ठेवलंय. तो लोकांची पत्रं टोपीत घालून हिंडे. पुढे मात्र ही जागा क्षुल्लक राहिली नाही. पत्र घ्यायला येणारा माणूस तंबाखू घेऊनच जाणार, हे गणित प्रत्येक दुकानदाराला कळलं. म्हणून काउंटरच्या कोपऱ्यात खणाखणांचं टपालाचं कपाट आलं. १८७३ साली एक सेंटचं उघडं पोस्टकार्ड निघालं आणि मालकाच्या ज्ञानात मोलाची भर पडली. कोणाचा जावई नेब्रास्कात बुडाला, कोणाची मुलगी बाळंतपणाला येणार, हे घरच्यांच्या आधी त्याला ठाऊक. तरी कार्ड हातात देताना चेहरा असा कोरा, की जणू त्याला वाचताच येत नाही.

फक्त वॉशिंग्टनचं सरकार बदललं की पंचाईत. १८८५ साली डेमोक्रॅट सत्तेवर आले आणि टपाल खात्यातले ॲडलाय स्टीव्हन्सन, हेही इलिनॉयचेच, यांनी हजारो रिपब्लिकन पोस्टमास्तर घरी बसवले. टपालाचं कपाट रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेलं. १८८९ साली रिपब्लिकन परत आले, टपाल खात्यात आलेल्या आयोवाच्या क्लार्कसननी तेवढ्याच तडफेनं कुऱ्हाड चालवली आणि कपाट पुन्हा रस्ता ओलांडून अलीकडे. शेगडीजवळची मंडळी मतं बदलत नसत. कपाटामागोमाग खुर्च्या बदलत.

आयोवात १८८४ साली दारूबंदी आली तेव्हा तर मालकाच्या मुत्सद्देगिरीची परीक्षाच झाली. या चळवळीचा कणा म्हणजे चर्चमधल्या बायका. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या, त्यांनाही या बायकांच्या संघटनेचं मोठं कौतुक वाटलं. मालकानं दारूचं पिंप हलवलं, संघटनेला वर्गणी दिली आणि औषधांचं फडताळ जरा रुंद केलं. तिथे लिडिया पिंकहॅमचं बायकांसाठीचं वनस्पतींचं औषध होतं, ज्यात अठरा-वीस टक्के मद्यार्क असे, आणि पुरुषांसाठी होस्टेटरचं कडू काढा म्हणून विकलं जाणारं, त्याहून कडक औषध. सभेत दारूविरुद्ध दोन तास बोलून थकलेली बाई येताना एक बाटली घेऊन जाई. “दम लागतो हो हल्ली,” ती म्हणे. “लागणारच,” मालक म्हणे आणि बाटली कागदात गुंडाळून देई. १९०६ च्या कायद्यानं मद्यार्काचं प्रमाण बाटलीवर छापायला लावलं. तोपर्यंत निदान काउंटरच्या अलीकडे त्याचा उच्चार झाला नाही.

या माणसाला शेवटी दणका दिला तो त्याच्याच जातीच्यांनी. आरन मॉन्टगोमेरी वॉर्ड हा एकेकाळी असल्याच दुकानांतून हिंडणारा फिरता विक्रेता. त्यानं १८७२ साली शिकागोतून एका कागदावर किमतींची यादी छापून शेतकऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. पाठोपाठ मिनेसोटातल्या रेल्वे स्टेशनावरचा एजंट रिचर्ड सीअर्स १८८६ मध्ये घड्याळं विकत या धंद्यात उतरला. त्यांचे जाडजूड कॅटलॉग येत टपालानं, म्हणजे मालकाच्याच कपाटात, आणि ते त्यानंच हसतमुखानं वाटायचे. मग एक दिवस ज्याची तीन वर्षांची बाकी आहे तो गृहस्थ खिडकीशी येई.

“मनीऑर्डर करायची होती. साडेसात डॉलर.”

“कोणाच्या नावे?”

“शिकागो.” नजर बुटाकडे. तोही याच्याच दुकानातला, उधारीचा.

मालक नावगाव स्वच्छ अक्षरात लिही, रोकड मोजून घेई आणि पावती देताना म्हणे, “थंडी फार पडलीय, शेगडीपाशी बसा जरा.”

काही गावांत दुकानदारांनी पोरांना बक्षिसं लावून कॅटलॉग गोळा केले आणि चौकात त्यांची होळी केली. कागद चांगला जळला, भाव काही पेटले नाहीत. नॅशनल बिस्किट कंपनीनं मेणकागदाच्या पुड्यात बिस्किटं घातली आणि पिंप गेलं. १८९६ पासून टपाल घरपोच व्हायला लागलं आणि कपाट गेलं. १९१३ च्या १ जानेवारीला सरकारी पार्सल सुरू झालं. मोटारी आल्यावर तर आठ-दहा मैलांवरचं दुकान अर्ध्या तासावर आलं.

उरल्या त्या वह्या. मिडवेस्टमधल्या ऐतिहासिक संस्थांनी आणि विद्यापीठांनी त्या जपून ठेवल्यात, आणि जन्मभर तोंडातून अवाक्षर न काढलेल्या माणसाचं पोट आता भडाभडा उघडं पडलंय : कोणी किती काकवी नेली, कोणी किती लोणी घातलं, आणि दारूबंदी संघटनेच्या सभासद बाईच्या नवऱ्याच्या खात्यावर औषधाच्या बाटल्या किती. घराण्याचा इतिहास शोधत कोणाची पणतवंडं येतात, पणजोबांचं नाव सापडलं की हरखून जातात आणि पानाचा फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात. फोटोत पणजोबांचं नाव येतं, बुटांची किंमत येते; तळाशी मांडलेली बाकी मात्र बहुतेक वेळा कापली जाते.