सुतार येतोय

कोडोलीत पाऊस लागला की दारं फुगतात, सुताराचा भाव त्याहून जास्त. आमच्या मागच्या दाराला नुसता रंधा मारायचा होता. फोन केला. ‘‘वारणानगरात हाय मालक, आलोच.’’ वारणानगर म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, म्हणून चहा टाकला. हे मंगळवारी.

रविवारी आला. कानावर पेन्सिल. फुगलेल्या फळीवरून तळवा फिरवला, चौकटीला गुण्या लावला आणि मान हलवली, ‘‘ही चौकट कुणी बसवली?’’

‘‘तुम्हीच की, चार वर्षांपूर्वी.’’

‘‘मग भिंत कललीया.’’

इंचाचे 8 सूत; भिंत म्हणे 3 सूत बाहेर. गवंडी बोलवा, दार नवं करा, आणि काढलंच आहे तर स्वयंपाकघरात प्लायचं कपाटही होऊन जाऊ दे. सुतार हा शब्द मूळचा ‘सूत्रधार’ हे तेव्हा पटलं; आपण फक्त पैसे देणारं पात्र. बलुत्याच्या काळात सुगीच्या धान्यासाठी तरी तो खळ्यावर वेळेत यायचा. आता अडव्हान्स आधी.

दार काढून त्यानं भिंतीला टेकवलं आणि हत्यारांची पिशवी ओसरीत ठेवली. ‘‘बिजागऱ्या घेऊन येतो.’’

पिशवी आहे अजून. मागच्या दाराला सध्या चादर आहे.