न फेकण्याची तबकडी

डिस्क गोल्फ हा तबकडी फेकून साखळ्यांच्या टोपलीत पाडण्याचा अमेरिकी खेळ. नवी तबकडी पंधरा-वीस डॉलरांत मिळते. जुनी मात्र संग्राहकांची लाडकी; तिला हात लावायचा तर खिसा जड हवा.

तिची पारख म्हणजे साक्षात मुलगी बघण्याचा कार्यक्रम. आधी उलटी करून गाव वाचायचे. इनोव्हा कंपनीच्या जुन्या ‘रॉक’ तबकडीच्या पोटावर कॅलिफोर्नियातले ‘सॅन मरिनो’ कोरलेले निघाले, की घराणे उच्च. मग वजन, मग घुमटाचा उभार, मग दहापैकी गुण. दहा म्हणजे कधीही न फेकलेली. नऊ म्हणजे, विकणाऱ्याच्या मते, ‘झाडाला जरा चाटून गेली’ इतकेच. कडेवर कोणी पेनाने नाव-फोन लिहिला असेल तर भाव उतरतो. तीच शाई विजेत्याच्या सहीची असेल तर चढतो.

केन क्लायमो 12 वेळा जगज्जेता झाला. त्याच्या नावाच्या तबकडीवरच्या शिक्क्यातला विजेतेपदांचा आकडा वाढत गेला. गंमत अशी, की आकडा जितका लहान, तितकी तबकडी जुनी आणि किंमत मोठी! म्हणजे जिंकायचे क्लायमोने, आणि तो कमी जिंकला होता तेव्हाचे पैसे मोजायचे आपण.

खेळाचे जनक एड हेड्रिक 2002 साली वारले. त्यांची रक्षा तबकड्यांच्या प्लास्टिकात मिसळली गेली. साहजिकच त्याही संग्रहाच्या वस्तू ठरल्या.

या खेळात सर्वांत कमी वेळा फेकणारा जिंकतो. संग्राहक तर एकदाही फेकत नाही. त्याला कोण हरवणार?